चार नंबरच्या खाटेवरचं छत

शरदिनीताई सप्रे माफ करणाऱ्या बायकांपैकी नाहीत, हे मी आधीच सांगून टाकतो. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की लोकांना वाटतं, आता सेवा, त्याग, पांढरा पोशाख असलं काहीतरी वाचायला मिळणार. पोशाख पांढरा होता, खरं आहे. बाकी बाई मनात धरून ठेवणारी, आणि एकदा धरलं की न सोडणारी. मला ती आवडते ती यासाठीच.

मी विश्वेश्वर. बनारसला मंगला गौरीच्या देवळामागे राहतो आणि पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत ट्रस्टचं जे जुनं इस्पितळ आहे, तिथे औषधं देतो. गल्लीतले लोक त्याला ‘दक्षिणी अस्पताल’ म्हणतात, कारण ते आमच्या मराठी मंडळींनी बांधलं. माझी खिडकी वरच्या मजल्यावर, मोठ्या वॉर्डच्या बाहेर, व्हरांड्यात आहे. या खिडकीतून मला वॉर्डचं दार दिसतं, गच्चीवर जाणारा जिना दिसतो, आणि व्हरांड्यात कोणी काही बोललं तर ते ऐकू येतं. हे लक्षात ठेवा. मला ते विसरायला आवडलं असतं.

वॉर्ड म्हणजे एक लांबलचक दालन. लोखंडी तुळयांनी त्याचे आठ खण पाडलेले, प्रत्येक खणाखाली तीन खाटा. तुळयांवर चुनारच्या दगडाच्या लांब फरश्या आडव्या टाकलेल्या, इथे त्यांना पटिया म्हणतात, आणि पटियांवर चुन्याचा कोबा. बनारसची निम्मी जुनी घरं अशीच आहेत आणि शंभर वर्षं बरी उभी आहेत. पण आमच्या ट्रस्टला एक खोड. गच्ची गळली की जुना थर काढायचा नाही, त्यावर नवा टाकायचा. एका अध्यक्षाने कोबा टाकला, दुसऱ्याने त्यावर डांबर, तिसऱ्याने त्यावर सिमेंट. ज्याची त्याची कारकीर्द वर दिसली पाहिजे, पूर्वजांचं काम खणून काढायचं कोणी? खालच्या दगडाला विचारायची पद्धत नव्हती.

शेवटचा थर बिंदुमाधवरावांचा. बिंदुमाधवराव म्हणजे ट्रस्टचे सेक्रेटरी, वीस वर्षं. त्यांनी गच्चीवर तांबड्या-पांढऱ्या फरश्या बसवल्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या, आणि त्या गळतीसाठी नव्हेत, देवदिवाळीसाठी. कार्तिकी पौर्णिमेला सगळे घाट दिव्यांनी उजळतात आणि आमच्या गच्चीवरून पंचगंगेपासून पार पुढच्या वळणापर्यंत दिसतं. त्या संध्याकाळी सेक्रेटरींचे पाहुणे येत. अधिकारी, महंत, पुण्याचे व्याही. खुर्च्या, सतरंज्या, केशरी दूध. खाली चोवीस बायका सलाईन लावून पडलेल्या.

शरदिनीताई त्या बायकांच्या वॉर्डची इनचार्ज. ब्रह्मा घाटावर दोन खोल्यांत एकटी राहते, एकतीस वर्षांची नोकरी. सकाळी वॉर्डात शिरली की प्रत्येक उशीवरून तळहात फिरवायची तिला सवय. सात वर्षांपूर्वी देवदिवाळीच्या दोन दिवस आधी चार नंबरच्या उशीवरून हात फिरवला, तर तळव्याला चुन्याची भुकटी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने कोणाला न विचारता चार, पाच, सहा, या दुसऱ्या खणाखालच्या तिन्ही खाटा ढकलत बाहेर व्हरांड्यात आणल्या.

चार नंबरवर गीता होती. रामनगरच्या बाजारात तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान. अपेंडिक्स काढलं होतं, दुसऱ्या दिवशी घरी जायची होती. तोंडाने बडबडी. नर्सेसनी ड्यूटीवर बांगड्या घालायच्या नसतात, हे तिला भारी खुपायचं. “दीदी, छुट्टी तो होने दो हमारी,” ती म्हणायची, “दर्जन भर चढ़ाएँगे तुम्हारे हाथ में, देखती हूँ कौन उतारता है.”

पाच वाजता बिंदुमाधवराव तयारी बघायला वर आले. व्हरांड्यात तीन खाटा पाहून त्यांचं डोकं फिरलं. शरदिनीताईंनी चुन्याचं सांगितलं. ते म्हणाले, “शंभर वर्षांचं छत आहे, ते काय आजच पडणार? व्हरांड्यातून पाहुणे जायचे आहेत. खाटा आत घे.” ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज चढवला आणि तिने खाटा आत घेतल्या. स्वतःच्या हातांनी, एकेक करून ढकलत.

साडेसहाला वर आरती सुरू झाली, दीडदोनशे माणसं कठड्याकडे सरकली, आणि दुसऱ्या खणाची एक पटिया मधोमध मोडून चार नंबरवर आली. गीता तिसऱ्या दिवशी गेली.

मग चौकशी झाली. चौकशी समितीवर कोण? बिंदुमाधवराव आणि त्यांचे दोन स्नेही. निष्कर्ष असा, की छताची अवस्था ठाऊक असूनही इनचार्ज नर्सने खाटा हलवण्याची तसदी घेतली नाही. शरदिनीताईंनी जे घडलं ते सांगितलं. समितीने विचारलं, साक्षीदार? व्हरांड्यात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं, बिंदुमाधवराव म्हणाले. पाच आणि सहा नंबरच्या बायका तोवर घरी गेल्या होत्या, त्यांना कोणी बोलावलंच नाही.

तिला वॉर्डातून काढून तळमजल्यावरच्या कपड्यांच्या खोलीत टाकलं. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. धोब्याकडून घ्यायचे, फाटलेले रफू करायचे, लाल दोऱ्याने नंबराच्या खुणा घालायच्या. दुसरी कोणी असती तर नोकरी सोडून गेली असती. ही गेली नाही. सात वर्षं ती त्या खोलीत बसून राहिली, आणि तिला काय हवंय ते तिने मला एकदाच सांगितलं. “मला त्यांची माफी नको, विश्वेश्वर. एक वाक्य हवंय. ‘खाटा आत घ्यायला मी सांगितलं.’ चारचौघांत, मोठ्याने, त्यांच्या तोंडून. तेवढं ऐकल्याशिवाय मी मरायची नाही.”

तोवर बाई गप्प बसली असेल असं समजू नका. ट्रस्टच्या सभेच्या टेबलावर अंथरायची चादर कपड्यांच्या खोलीतून जाते. सात वर्षं त्या चादरीला एक भोक असायचं आणि ते नेमकं सेक्रेटरींच्या पुढ्यात यायचं. ते खुर्ची बदलून बसले की पुढच्या सभेला भोकही सरकायचं. उन्हाळ्यात त्यांच्या ऑफिसच्या कोचावर सगळ्यात खरबरीत खोळ जायची. एकदा त्यांनी तक्रार केली, तर तिने उत्तर पाठवलं की चांगले कपडे रुग्णांसाठी असतात. मला हे सगळं पाहून मनापासून आनंद व्हायचा. बिंदुमाधवराव मला चारचौघांत ‘गोळ्या बांधणारा’ म्हणायचे, माझं नाव त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं नव्हतं.

यंदा माघात शेवटी छत बदलायचं ठरलं. सरकारी नोटीस आली होती, म्हणून. गच्चीचे सगळे थर आणि पटिया काढायच्या, नवं लोखंड टाकून सिमेंटचा स्लॅब घालायचा, आणि इस्पितळ एक दिवसही बंद ठेवायचं नाही. काम आलं देवश्रीकडे. ही तिशीतली इंजिनिअर, वडील इथे रेल्वेत होते, मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीवर जाते आणि तिचं तिलाच कळत नाही. मिस्त्री रामनगरचा काशीनाथ. ठरलं असं, की आठव्या खणापासून सुरुवात करायची, एका वेळी एकच खण उघडायचा, त्याच्या खाटा दुसरीकडे सरकवायच्या, खण झाला की पुढचा. ठोकाठोक फक्त डॉक्टरांच्या फेऱ्या संपल्यावर, अकरा ते एक आणि तीन ते पाच. मशीन नाही, छिन्नी-हातोडी. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, त्यामुळे वाळू खच्चरांवर आणि सळ्या माणसांच्या खांद्यावर.

पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. नव्या इनचार्जला कोणती खाट कुठे न्यायची ते सुचेना, आणि एक ताजं ऑपरेशन झालेली म्हातारी अर्धा तास धुळीत पडून राहिली. देवश्री झाकायला जुन्या चादरी मागायला खाली कपड्यांच्या खोलीत गेली. शरदिनीताईंनी चादरी दिल्याच, वर धोब्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला काढलेला एक नकाशा तिच्यासमोर ठेवला. आठही खण, चोवीस खाटा, कोणत्या तारखेला किती वाजता कोणती खाट कुठे, ऑक्सिजनवाले कुठे, दम्याचे कुठे. धूळ आणि आवाज पुरुषांनी सोसावा, म्हणून आधी बायका खालच्या पुरुषांच्या वॉर्डात आणि पुरुष वर, असंही त्यात होतं.

देवश्री बघतच राहिली. म्हणाली, “मावशी, आप ऊपर चलिए ना. हे तुम्हीच करा.”

“करते. एक अट आहे,” शरदिनीताई म्हणाल्या. “खाट कुठे राहील ते मी सांगणार आणि नंतर ते कोणी बदलायचं नाही. सेक्रेटरींनीसुद्धा. तसं कागदावर लिहून त्यांची सही आण.”

बिंदुमाधवरावांनी सही केली. न वाचता केली असेल, किंवा वाचून हसले असतील. त्यांना काम वेळेत हवं होतं, कारण वर्तमानपत्रवाल्याला त्यांनी सांगून टाकलं होतं, की छताचं काम चालू असलं तरी आमच्या इस्पितळात रुग्ण पूर्ण सुरक्षित आहे, वेळ आली तर मी स्वतः इथेच भरती होईन. ते छापून आलं होतं, फोटोसकट. शरदिनीताईंनी ते कात्रण कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून टाचणीने लावून ठेवलं.

गच्चीवरची तांबडी-पांढरी फरशी उखडली त्या सकाळी ती वर जाऊन उभी राहिली. काशीनाथने एका जागी आरपार कापून दाखवलं. सव्वा फूट जाडी, एकावर एक चार कारकीर्दी, आणि सगळ्यांत खाली तो बिचारा दोन बोटं जाडीचा दगड. “एतना बोझा तो कोई गधे पर भी नहीं लादता,” काशीनाथ म्हणाला. शरदिनीताईंनी फरशीचा एक तुकडा उचलून खाली कचऱ्यात टाकला आणि पुन्हा कामाला लागल्या.

काशीनाथची एक रीत होती, ती मला त्याच काळात कळली. नवा स्लॅब ओतल्यावर तीन आठवडे खाली फळ्या आणि टेकू ठेवतात. ते काढायच्या दिवशी तो स्वतः खाली एका विटेवर जाऊन बसायचा, पान लावून, आणि त्याची माणसं टेकू पाडायची. त्याचा बापही तसंच बसायचा म्हणे. मी विचारलं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, “हम बनाए हैं, तो नीचे पहले हम बैठेंगे. मरीज़ बाद में.” आठव्या खणाला तो असा बसला, तेव्हा शरदिनीताई दारातून एकटक बघत होत्या. मग मला म्हणाल्या, “ही रीत ट्रस्टला लावायला हवी होती.”

काम सरकत सरकत चैत्रात तिसऱ्या खणापर्यंत आलं. आणि एका बुधवारी बिंदुमाधवराव स्वतःच्या घराच्या जिन्यावरून पडले. पाय मांडीशी मोडला. मुलगा पुण्याला, दुसरीकडे जावं तर ते वर्तमानपत्रातलं वाक्य आडवं आलेलं. गल्लीतून त्यांना खुर्चीवर बसवून आणलं, आणि पायाला वजन लावून डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे हालचाल नाही. स्पेशल खोल्यांत तेव्हा सिमेंट आणि सळ्या भरलेल्या होत्या, म्हणजे वॉर्डच.

“कोणती खाट?” डॉक्टरांनी विचारलं.

“चार नंबर,” शरदिनीताई म्हणाल्या. “तेवढीच रिकामी आहे.”

एकोणीस नंबरही रिकामी होती. नव्या छताखाली, खिडकीजवळ, हवेशीर. मी सकाळीच तिथून औषधांचा ट्रे परत आणला होता. मी बोललो नाही. न बोलण्याचा मला अनुभव आहे.

दुसऱ्या खणाचं छत अजून जुनं होतं. गुरुवारी चार वाजता तो खण रिकामा व्हायचा होता आणि शुक्रवारी उघडायचा होता. देवश्रीने खालून लोखंडी टेकू आधीच लावून ठेवले होते आणि मला नंतर शपथेवर सांगितलं, की वर हत्ती नाचला असता तरी तो खण हलला नसता. पण उताण्या पडलेल्या माणसाला टेकू दिसले की धीर येत नाही, उलट वाटतं, पडणार आहे म्हणूनच लावलेत. आणि बिंदुमाधवरावांच्या बरोबर तोंडावर, मोडलेल्या पटियेच्या जागी सात वर्षांपूर्वी थापलेला सिमेंटचा करडा चौकोन होता. रात्रभर ते त्याच्याकडे पाहत होते, हे सकाळी त्यांचे डोळे बघून कळलं.

गुरुवारी अकराला शेजारच्या, नुकत्याच ओतलेल्या तिसऱ्या खणाची कड तासायला हातोडे सुरू झाले. मी ट्रे घेऊन आत होतो. पाचव्या मिनिटाला चार नंबरच्या उशीवर चुन्याची बारीक भुकटी पडली.

“शरदिनी!” बिंदुमाधवराव ओरडले. “माझी खाट हलव.”

ती आली. घाई न करता. “चार वाजता हलवायची आहे. कागदावर तसं लिहिलंय.”

“आत्ता हलव. उशीवर चुना पडतोय.”

“पडतोय खरा,” तिने उशीवरून तळहात फिरवला आणि त्यांच्यापुढे धरला. “उशीवर चुना पडला तर खाट हलवावी, असं मलाही वाटायचं. पण शंभर वर्षांचं छत आहे, ते काय आजच पडणार?”

त्यांचा चेहरा उतरला. समोरच्या नव्या खणांखालचे नऊ रुग्ण, त्यांचे नातेवाईक, मी, सगळे त्यांच्याकडे वळलो. तिने त्यांच्या अंगाखालच्या चादरीचं एक टोक उचलून दाखवलं. कोपऱ्यात लाल दोऱ्याने ४ घातलेला, आणि मधोमध वीतभर लांब रफू, इतकं बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

“ही गीताचीच. सात वेळा रफू केलीय, दर वर्षी उसवून पुन्हा. काल तुमच्यासाठी काढली.”

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. पायाचं वजन हललं आणि ते कळवळले. मला दया आली का? मुळीच नाही. मला मजा वाटत होती, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

“तुला हवं तरी काय?” ते म्हणाले.

“त्या दिवशी मी या खाटा व्हरांड्यात काढल्या होत्या. परत आत घ्यायला कोणी सांगितलं?”

हातोडे चालूच होते. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले.

“ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “वर ठोकताहेत.”

पुन्हा भुकटी पडली, या वेळी कपाळावर. आणि त्यांचा धीर सुटला. ते गळा काढून ओरडले, आणि नेमके त्याच क्षणी वरचे हातोडे थांबले, कारण काशीनाथने माणसांना पाणी प्यायला सोडलं होतं. त्यामुळे ते वाक्य सबंध दालनात, व्हरांड्यात आणि जिन्यावर स्वच्छ ऐकू गेलं.

“मी सांगितलं! खाटा आत घ्यायला मीच सांगितलं!”

शरदिनीताईंनी खिशातला रुमाल काढून त्यांच्या कपाळावरचा चुना पुसला, अगदी नर्स पुसते तसा. ते म्हणाले, “आता तरी हलव.”

“आता नाही जमायचं,” ती म्हणाली. “बाराला ट्रस्टचे लोक काम बघायला येताहेत. व्हरांड्यातून पाहुणे जायचे आहेत.”

आणि निघून गेली. खाट चार वाजता हलली, कागदावर लिहिलं होतं तेव्हाच, एक मिनिट आधी नाही. तोवर ट्रस्टी येऊन गेले होते आणि सोळा नंबरवरच्या नावाड्याने त्यांना झालेला प्रकार साभिनय सांगितला होता. संध्याकाळपर्यंत ब्रह्मा घाटापासून मंगला गौरीपर्यंत प्रत्येक पानाच्या टपरीवर तेच चाललं होतं. आठवड्यात बिंदुमाधवरावांनी राजीनामा दिला आणि मुलगा त्यांना अँब्युलन्समधून पुण्याला घेऊन गेला. शरदिनीताईंना ट्रस्टचं पत्र आलं, चौकशीचा निष्कर्ष रद्द, वॉर्डची इनचार्ज म्हणून पुन्हा नेमणूक.

मी जिलबी घेऊन गेलो. तिने तुकडासुद्धा तोंडात टाकला नाही. “अजून रामनगर राहिलंय,” ती म्हणाली. “येतोस?”

रविवारी दुपारी आम्ही रिक्षाने पूल ओलांडून गेलो. बांगड्यांचं दुकान अजून तिथेच होतं. गीताचा नवरा काचेची पेटी पुसत होता, केस पिकलेले. त्याने तिला लगेच ओळखलं, बसायला स्टूल दिलं. ती उभीच राहिली. तिने सगळं सांगितलं, हिंदीत, एखादा रिपोर्ट द्यावा तसं. कोणी सांगितलं, कोणी कबूल केलं, किती जणांनी ऐकलं.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, “उनको सजा मिली?”

“मिली.”

त्याने फडकं घडी करून पेटीवर ठेवलं. “और आपको, दीदी? खटिया तो आप ढकेली थीं. गीता बताई थी हमको. बोली, दीदी रो रही थीं, और ढकेल रही थीं.”

रागाने नाही विचारलं त्याने. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. शरदिनीताईंचा हात पेटीच्या कडेवर होता, तो त्यांनी काढून घेतला.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “ई कौन हैं?”

“ये दवाई देते हैं,” ती म्हणाली. “इनकी खिड़की बरामदे में है.” तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

आता सांगतो. त्या दिवशी पाच वाजता मी खिडकीत होतो. शटर अर्धं खाली होतं म्हणून बिंदुमाधवरावांना मी दिसलो नाही. मी प्रत्येक शब्द ऐकला. चौकशीत मला बोलावलं होतं, विचारलं होतं, आणि मी म्हणालो, मी आत गोळ्या लावत होतो, कानावर काही आलं नाही. अकरा वर्षं मी हंगामी होतो, त्या महिन्यात कायम व्हायचो होतो. पुढच्या महिन्यात झालो. शरदिनीताईंना हे माहीत असेल अशी शंकाही मला कधी आली नाही. त्या रोज माझ्याशी बोलायच्या, संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या. ही बाई मला आपला समजते, म्हणून तिच्या सूडात मी घरच्यासारखा वावरत होतो.

दुसरा खण ओतून झाला. तीन आठवडे वर पाणी कोंडून ठेवलं होतं. टेकू काढायचा दिवस आला, वैशाखातली ऐन दुपार, पंखे बंद. बाकीचे रुग्ण पलीकडे सरकवलेले होते. नव्या छताखाली टेकूंच्या मधोमध चार, पाच आणि सहा या तीन खाटा शरदिनीताईंनी मुद्दाम मांडून घेतल्या होत्या. काशीनाथ वीट घेऊन आला, तर ती चार नंबरवर ती रफूची चादर अंथरत होती.

“दीदी, हटिए. यहाँ हम बैठते हैं.”

“आज हमारी बारी है,” ती म्हणाली, आणि वहाणा काढून उताणी झोपली. हात पोटावर, डोळे उघडे.

देवश्रीने मध्ये पडून पाहिलं. “मावशी, काही गरज नाहीये, स्लॅब एकदम पक्का है.” शरदिनीताई म्हणाल्या, “मग भीती कसली?” काशीनाथने आपली वीट बाजूला, तिच्या उशाशी नेऊन ठेवली आणि बसला. त्याच्या माणसांनी हातोडे उचलले.

मी दारात उभा होतो. दाराची चौकट जुन्या भिंतीत आहे, तीन फूट जाडीची. तिथे वरून काही पडत नाही.

“विश्वेश्वर,” ती छताकडे पाहतच म्हणाली. आवाज नेहमीचा, औषधाची यादी सांगावी तसा. “पाच नंबर रिकामी आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काशीनाथने हात वर करून आपल्या माणसांना थांबवलं. मी चौकट सोडून आत गेलो. पाच नंबरवर स्वच्छ चादर होती, कोपऱ्यात लाल दोऱ्याने नंबर घातलेला. मी चपला काढून खाटेखाली ठेवल्या, झोपलो आणि वर पाहिलं. मग काशीनाथने हात खाली केला आणि पहिला टेकू पडला.